हिमाचलची सफरचंद-फेरी : काटा, दरड आणि हाल्टिंगचा प्रश्न

पिंपळगावची_गाडी

नमस्कार मंडळी. सफरचंदाचा हंगाम जवळ आला की आपल्या भागातल्या गाडीमालकांना उत्तरेकडून फोन यायला लागतात. जाताना कांदा नाहीतर टोमॅटो दिल्ली-चंदीगडला टाकायचा, मोकळी गाडी परत आणण्यापेक्षा वर चढायचं आणि सफरचंद भरून वाशीला उतरायचं. कागदावर हा हिशोब फार छान दिसतो. माझी एक सहाचाकी आणि एक दहाचाकी या लाईनवर असतात, काही फेऱ्या मी स्वतः स्टिअरिंगवर असतो. नवीन पोरं सारखं विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. तुम्हीही भर घाला.

पहिली गोष्ट वजनाची. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलची मर्यादा वाढवली. सहाचाकीचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झालं, मागच्या जोड-एक्सलची मर्यादा १९ वरून २१ टनांवर गेली. बऱ्याच जणांना वाटतं की आता सगळीकडे तेवढं भरता येतं. जुनी गाडी असेल तर आरसीवर जे वजन लिहिलंय तेच धरतात, आणि डोंगरात आरसीच्याही आधी पुलाच्या बोर्डवरची मर्यादा पाळायची असते. काट्यावर वजन जास्त निघालं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा. काट्यावर थांबायला नकार दिला तर ४०,०००. डोंगरात माल उतरवायचा म्हणजे दुसरी गाडी बोलवायची, हमाल शोधायचे आणि फळ उघड्यावर ठेवायचं. दंडापेक्षा तेच महाग पडतं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. चंदीगडहून शिमल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५ हाच सफरचंदाचा मुख्य रस्ता. परवाणू ते सोलन चौपदरी झालाय, पण पावसात तो भरवशाचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चक्की मोडजवळ अख्खा रस्ताच खाली गेला आणि जड गाड्यांना कित्येक दिवस कुमारहट्टीवरून नाहन, काला अंब असा वळसा पडला. वर ठियोगपासून एक फाटा नारकंडा-रामपूर-किन्नौरकडे जातो, दुसरा कोटखाई-खडापत्थर-जुब्बल-रोहडूकडे. माल दोन्हीकडे आहे. दहाचाकी घेऊन बागेच्या लिंक रोडवर जायचा विचारही करू नका. बागेतून पिकअप माल खाली आणतात, मोठी गाडी मंडीत किंवा मुख्य रस्त्यावरच भरते.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी. आपल्याकडे वजनाचा नियम आहे, वेगाचा आहे, कागदांचा आहे. दरड पडून गाडी चार दिवस उभी राहिली तर त्या चार दिवसांचे पैसे, म्हणजे हाल्टिंग, कोणाचे, याचा नियम कुठेच नाही. ते ज्याचं त्याने आधी लिहून घ्यायचं असतं, आणि आपल्यातले दहातले नऊ जण लिहून घेत नाहीत. भाडं ठरवताना फोनवर ‘बघू की, देऊ काहीतरी’ एवढ्यावर गाडी हलते. मग ड्रायव्हरचा भत्ता, जेवण, हप्ता, सगळं मालकाच्या अंगावर. मालक ते ड्रायव्हरवर ढकलतो. ड्रायव्हर उशीर भरून काढायला रात्रीचा घाट उतरतो. माझं ठाम मत आहे की डोंगरातले निम्मे अपघात भाडं ठरतं त्या फोनवरच सुरू होतात.

रोहडूवाली

दादा, छान लिहिलंत. मी मूळची सांगलीची, लग्न होऊन रोहडूला आले, सासरी बाग आहे. आमच्या बाजूचं थोडं सांगते.

वजनाचा घोळ फक्त गाडीवाल्यांचा नव्हता. पूर्वीच्या पेटीत वरून थर चढवून २८-३० किलो, कधी त्याहून जास्त फळ कोंबायचे, कारण मंडीत भाव पेटीवर मिळायचा. म्हणजे ५०० पेट्या म्हटलं तर मालाचं वजन १० टनही असू शकायचं आणि १५ टनही. गाडीवाल्याला कळायचं कसं? २०२३ पासून किलोवर विक्री सुरू झाली आणि २०२४ पासून २० किलोची युनिव्हर्सल पेटी सक्तीची झाली. हा नियम झाला तो बागायतदाराला आडतीत न्याय मिळावा म्हणून, पण माझ्या मते गाडीवाल्यांचाही त्यात मोठा फायदा झालाय. आता पेट्या मोजल्या की वजन कळतं. पेटीचा पुठ्ठा आणि आतले ट्रे धरून थोडं जास्त लावा, म्हणजे काट्यावर फजिती होणार नाही.

भाड्याबद्दल : हंगामाच्या आधी प्रशासन ठिकाणानुसार दर ठरवून देतं. तो कागद मागून घ्या, सोबत ठेवा. गाड्या कमी पडल्या की जास्त मागणारे असतात आणि गाड्या जास्त झाल्या की पाडून मागणारेही. दोन्ही वेळेला तो कागद उपयोगी पडतो. आणि फागूच्या कंट्रोल रूमला गाडीची नोंद करायची असते, ती चुकवू नका. नोंद असली की रस्ता बंद झाला तर तुमची गाडी कुठे आहे हे निदान कोणाला तरी माहीत असतं.

घाटकरी

तीस वर्षांहून जास्त काळ ट्रक चालवला, आता घरी आहे. कागदांचं तुम्ही बोला, मी ब्रेकचं बोलतो.

आपला कसारा, खंबाटकी, आंबा घाट उतरलेल्या माणसाला वाटतं आपल्याला घाट येतो. येतो, पण आपले घाट अर्ध्या तासात संपतात. नारकंडा २,७०० मीटरवर आहे आणि परवाणूपर्यंत उतार-चढ, उतार-चढ करत तुम्ही जवळजवळ सपाटीला येता. दिवसभर ब्रेकवर पाय. ब्रेकचे लायनर तापले की पेडल कडक लागतं पण गाडी धरत नाही. नवशिक्याला वाटतं हवा गेली. हवेचा काटा बघावा तर बरोबर असतो. गेलेला असतो तो लायनरचा पकडायचा गुण. अशा वेळी रुंद जागा बघून थांबायचं, चाकांना मोठे दगड लावायचे आणि थंड होऊ द्यायचं. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, ड्रमला तडा जातो. असं करणारे अजूनही बघतो म्हणून सांगतोय.

ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच्यातच उतरायचं. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) आधी, पाय नंतर. पाय मारायचा तर दमदार मारून सोडायचा, नुसता टेकवून ठेवायचा नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणाऱ्याने डोंगरात जाऊच नये.

आणि अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमावलीत ते स्पष्ट आहे, उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं. हिमाचलचे ड्रायव्हर हे मनापासून पाळतात. एचआरटीसीचा, म्हणजे हिमाचलच्या एसटीचा, बसवाला तुम्हाला हात करून सांगेल कुठे दबायचं ते. त्याचं ऐका, त्याला त्या वळणाचा प्रत्येक दगड ठाऊक असतो. मात्र दरीच्या बाजूला दबताना मातीच्या साईडपट्टीवर चाक घालू नका. पावसात ती खालून पोकळ झालेली असते. क्लीनरला खाली उतरवा, चाकाखालचं त्याने डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

ग्रेफ_निवृत्त

घाटकरी साहेबांच्या साईडपट्टीच्या मुद्द्याला माझा दुजोरा. मी सीमा सडक संघटनेत होतो, हिमाचलात काम केलंय. दरडी का पडतात हे ड्रायव्हरला समजलं तर तो गाडी कुठे उभी करायची नाही हे आपोआप शिकतो.

डोंगर स्वतःच्या उतारावर कसाबसा तोललेला असतो. रस्ता रुंद करायला त्याचा पायथा उभा कापला की वरचा भार निराधार होतो. परवाणू-सोलनच्या पट्ट्यातला खडक कच्चा आहे, थर सुटे आहेत. पाऊस झिरपून थरांमध्ये गेला की तो भार वाढतो आणि थरांची पकड कमी होते. म्हणून पाऊस थांबल्यावर, कडक ऊन पडल्यावरही दरड येते. ड्रायव्हर म्हणतात, ‘आता तर उघडलंय.’ ती वेळ सगळ्यात फसवी असते.

खुणा सांगतो. वरून सुपारीएवढे खडे एकामागून एक यायला लागले की वर काहीतरी हललेलं आहे. नेहमी स्वच्छ वाहणारा ओहोळ अचानक गढूळ झाला किंवा अजिबात थांबला तर जास्तच सावध व्हा. रस्त्याच्या दरीकडच्या कडेला समांतर भेग दिसली तर तिच्यावर जड गाडी घालायची नाही, मग मागे कितीही हॉर्न वाजोत. रांगेत उभं राहायची वेळ आली तर ताज्या कापलेल्या डोंगराखाली उभे राहू नका. पुढच्या गाडीपासून मोठं अंतर पडलं तरी चालेल.

किन्नौरमध्ये निगुलसरीला ११ ऑगस्ट २०२१ रोजी दरड कोसळली, त्यात एचआरटीसीची बस, ट्रक आणि लहान गाड्या सापडल्या आणि २८ माणसं गेली. त्याच ठिकाणी सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा रस्ता खचला, ऐन किन्नौरच्या सफरचंदाच्या वेळेला. एकदा पडलेली जागा पुन्हा पडते. स्थानिकांना अशा जागा पाठ असतात, त्या चहाच्या टपरीवर विचारून घ्या.

पुलांबद्दल : नदीवर वाहून गेलेल्या पुलाच्या जागी आम्ही बेली पूल, म्हणजे लोखंडी भाग जोडून केलेला तात्पुरता पूल, टाकतो. त्याची क्षमता बोर्डवर लिहिलेली असते आणि ती अंदाजे लिहिलेली नसते. जून २०२० मध्ये उत्तराखंडात मुनस्यारीजवळ पोकलेन लादलेला ट्रक बेली पुलावर घातला आणि पूल ट्रकसकट नाल्यात गेला. पलीकडच्या गावांचा रस्ता तुटला. बेली पुलावर एका वेळी एकच गाडी, चालत्या माणसाच्या वेगाने, मध्ये गिअर न बदलता, ब्रेक न मारता.

मनीषा_ठाणे

माझे मिस्टर पहिल्यांदाच या लाईनवर जाणार आहेत. आतापर्यंत गुजरात आणि कर्नाटक केलंय. वर नेटवर्क नसतं असं ऐकलंय. रात्री झोपायचं कुठे? आणि सलग किती तास चालवायला लावतात? गाडी दुसऱ्याची आहे, मालक म्हणतो तीन दिवसांत वाशी पाहिजे.

पिंपळगावची_गाडी

ताई, परवाणूपासून वाशी साधारण सतराशे किलोमीटर आहे. खाली सपाटीवर दोन ड्रायव्हर असतील तर जमू शकतं. पण वरून भरून परवाणूपर्यंत उतरायला किती वेळ लागेल हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून मालकाला सांगा की तीन दिवस मोजायचे ते परवाणूपासून, वरचा वेळ वेगळा. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हरची सक्ती होती, ती २०१८ च्या शेवटी उठवली. तेव्हापासून एकाच माणसाला पाठवणारे वाढले. कायद्याने बघाल तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. पाळतं कोण, हा प्रश्न वेगळा, पण मिस्टरांनी तो आकडा लक्षात ठेवावा. मालकाशी बोलताना उपयोगी पडतो.

झोपायला ढाबे, मंडीचं आवार, पेट्रोल पंप. रस्त्याच्या कडेला डोंगराखाली नाही आणि नदीच्या पात्रालगतही नाही. जुलै २०२३ मध्ये ब्यास नदीने कुल्लू-मनाली पट्ट्यात काठावरच्या उभ्या गाड्या वाहून नेल्या, ते सगळ्यांनी बघितलंय. नेटवर्कसाठी बीएसएनएलचं एक सिम जवळ असू द्या, आणि नेटवर्क जायच्या आधी ‘आता ठियोग सोडलं’ असा मेसेज टाकायची सवय लावा. अडचणीला ११२.

आणि ताई, लायसन्सचंही बघून घ्या. सारथी पोर्टलवर डोंगरी भागात चालवण्याची नोंद करून मिळते. उत्तराखंडात व्यावसायिक चालकाकडे ती मागतात. मिस्टर पुढेमागे तिकडे वळणार असतील तर इथूनच करून ठेवलेली बरी.

भिवंडी_करसल्ला

मी वाहतूकदारांची जीएसटीची कामं बघते. धाग्यात ई-वे बिलाचा (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याचा) विषय अजून आला नाही, म्हणून लिहिते.

ताज्या सफरचंदाला ई-वे बिल लागत नाही, कारण ताजी फळं करमुक्त आहेत. तरी मंडीचं बिल आणि बिल्टी (वाहतुकीची पावती) हवीच. पण आपल्या बऱ्याच गाड्या सफरचंद मिळालं नाही की बद्दीहून औषधं भरतात आणि भिवंडीच्या गोदामांना आणतात. तिथे ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतंच. मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे सोळाशे किलोमीटर धरले तर आठ दिवस. एरवी हे पुरतं. रस्ता बंद पडला की पुरत नाही.

मुदत संपली आणि गाडी पकडली तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ते संपल्यानंतर ८ तासांपर्यंत मुदत वाढवता येते. पोर्टलवर कारण निवडायचं असतं, त्यात नैसर्गिक आपत्ती हे कारण दिलेलंच आहे. गाडी सध्या जिथे उभी आहे ते ठिकाण आणि उरलेलं अंतर टाकायचं. ही खिडकी हुकली की मग अधिकाऱ्याच्या दयेवर. ड्रायव्हर दरडीजवळ नेटवर्कशिवाय बसलेला असतो, म्हणून हे काम ऑफिसमध्ये बसलेल्याने करायचं. गाडी अडकल्याचा निरोप आला की पहिलं काम ई-वे बिलाची तारीख बघणं, दुसरं बाकीचं.

अजून एक. दरडीच्या अलीकडून पलीकडे माल लहान गाड्यांनी हलवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरतात. गाडी बदलली की ई-वे बिलाच्या भाग ‘ब’ मध्ये नवीन नंबर टाकायला विसरू नका. आणि बंद रस्त्याचे फोटो, पोलिसांचा किंवा प्रशासनाचा बंदीचा आदेश मोबाईलमध्ये साठवून ठेवा.

नुकसानीबद्दलही सांगते. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात नैसर्गिक आपत्तीने झालेल्या नुकसानीला वाहतूकदार जबाबदार नसतो, पण त्याने योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. ‘दरड पडली’ एवढं सांगून सुटका होत नाही. बंद रस्त्याची सूचना आधी आलेली असताना गाडी पुढे घातली असेल तर प्रकरण फिरतं.

फळगाळा_वाशी

मी घेणाऱ्याच्या बाजूचा. गाडी उशिरा आली की आम्ही भाव पाडतो असं म्हणतात, म्हणून बोलतो. सफरचंद द्राक्षासारखं एका दिवसात जात नाही. पण ताडपत्रीखाली चार दिवस कोंडलं की आतली उष्णता वाढते, खालच्या थराची फळं मऊ पडतात आणि हाताळताना डाग उठतात. पेटी उघडल्यावर वास आधी सांगतो. वरचा थर चकचकीत आणि खालचा गेलेला असेल तर गिऱ्हाईक पूर्ण लॉट नाकारतं.

गाडी अडकली तर ड्रायव्हरने एवढं करावं : पाऊस नसेल तेव्हा ताडपत्री बाजूने वर करून हवा खेळू द्यावी, शक्यतो सावलीत उभी करावी, आणि आम्हाला कळवावं. निरोप आधी आला तर आम्ही दुसरा माल मागवून गिऱ्हाईक सांभाळतो. निरोप न येता गाडी दारात उभी राहिली तर आमच्या हातात काही राहत नाही.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काश्मीरचा महामार्ग बंद पडला तेव्हा फळाच्या गाड्या रस्त्यात कुजल्या. पण तिथे रेल्वे पोहोचलेली होती, बडगामहून दिल्लीच्या आदर्श नगरला रोज पार्सल गाडी सुरू केली गेली. हिमाचलच्या सफरचंद पट्ट्याला तो आधार नाही. कालका-शिमला ही १९०३ ची अरुंद लाईन, तीही शिमल्यापर्यंतच. तिथे सगळा भार ट्रकवर.

शेतकरी_ते_ट्रकवाला

तिथल्या ट्रक युनियनबद्दल कोणी बोलत नाही. बद्दी-नालागढला बाहेरची गाडी भरू देत नाहीत. परमिट देशभराचं, टोल भरलेला, हिमाचलच्या हद्दीवर परवाणूला राज्याचा वेगळा टोलही भरलेला. तरी माल उचलायचा म्हटलं की युनियनची पावती. याच्यावर लिहा ना. मला गेल्या हंगामात रिकामी गाडी अंबाल्यापर्यंत आणावी लागली.

रोहडूवाली

भाऊ, त्रास होतो हे खरं. पण दुसरी बाजूही ऐका. बरमाणा आणि दाडलाघाटला सिमेंटचे कारखाने आले तेव्हा लोकांच्या जमिनी गेल्या. ज्यांची जमीन गेली त्यातल्या अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, तोच त्यांचा संसार. भाड्याच्या दरावरून १५ डिसेंबर २०२२ ला दोन्ही कारखाने बंद झाले ते २० फेब्रुवारी २०२३ ला तोडगा निघेपर्यंत. दोन महिन्यांहून जास्त काळ हजारो ट्रक उभे. शेवटी बारा टनांच्या गाडीला टनामागे किलोमीटरला १० रुपये ३० पैसे आणि मल्टीएक्सलला ९ रुपये ३० पैसे असा दर ठरला, म्हणजे आधीपेक्षा कमीच. हप्ते भरता भरता लोक मेटाकुटीला आले होते. त्यांनी बाहेरची गाडी दारात बघून घाबरू नये तर काय करावं?

सफरचंदाचं वेगळं आहे. हंगामात स्थानिक गाड्या पुरतच नाहीत, बाहेरच्या लागतातच आणि प्रशासन स्वतः त्यांची नोंद करतं. म्हणून माझा सल्ला, नोंदणीतून, मंडीच्या रांगेतून या. दलालाच्या भरवशावर थेट बागेच्या फाट्यावर उभे राहिलात तर भांडण होणार.

शेतकरी_ते_ट्रकवाला

ताई, जमिनीचं मला माहीत नव्हतं. मीही धरणात जमीन गेलेल्या घरातला आहे, त्यामुळे ते समजतं. तरी पावतीचे पैसे किती, कशाचे, हे लिहिलेलं असावं एवढीच मागणी. तोंडी आकडा माणूस बघून बदलतो.

रोहडूवाली

त्यात तुमचं बरोबर आहे. पावती छापील मागा.

ग्रेफ_निवृत्त

मनालीच्या पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला, लांबी ९ किलोमीटर, त्यामुळे लाहौलला जायला रोहतांग चढावा लागत नाही. पण बोगद्याने हिवाळा संपत नाही. दोन्ही तोंडांशी तीन हजार मीटरची उंची आहे आणि डिसेंबरपासून रस्त्यावर पाण्याचा पातळ थर गोठतो. तो दिसत नाही, डांबर ओलं आहे असंच वाटतं. चाकांना चेन नसेल तर सकाळी ऊन पडून वाळू टाकेपर्यंत गाडी काढू नका.

बीएस-६ गाड्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं. साधं डिझेलही थंडीत मेणासारखं होऊन फिल्टर बंद करतं. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आलं, ते तिकडच्या पंपांवर मिळतं. खालून टाकी फुल्ल करून गेलात तर टाकीत खालचंच डिझेल असणार.

मनीषा_ठाणे

सगळ्यांचे आभार. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. ब्रेकचं घाटकरी काकांनी लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मालकाशी हाल्टिंगचं बोलायचं म्हणतात, पण लिहून काय घ्यायचं ते कळत नाही. कोणी नमुना देईल का?

पिंपळगावची_गाडी

देतो ताई. मी बिल्टीच्या मागच्या बाजूला पेनाने लिहितो आणि माल देणाऱ्याची सही घेतो. वकिली भाषा नाही, साधीच वाक्यं :

‘दरड, पूर, पोलीस बंदी किंवा प्रशासनाच्या आदेशाने गाडी थांबल्यास पहिले २४ तास भाड्यात धरले आहेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला ठरलेलं हाल्टिंग माल घेणारा देईल. वळसा पडल्यास जादा किलोमीटरचं डिझेल वेगळं. गाडी थांबल्याचा निरोप आणि फोटो ड्रायव्हर त्याच दिवशी पाठवेल. रात्री घाट उतरण्याची सक्ती ड्रायव्हरवर नाही.’

हाल्टिंगचा आकडा गाडीप्रमाणे ठरवा, पण तो कोरा सोडू नका. आणि त्यातला ड्रायव्हरचा वाटा किती, हे मालक-ड्रायव्हरमध्ये वेगळं लिहा. नाहीतर हाल्टिंग मालकाच्या खिशात आणि ड्रायव्हर चार दिवस स्वतःच्या पैशाने जेवलेला, असंही होतं.

सुरुवातीला सही करायला नाही म्हणतात. हंगामाच्या भरात गाड्या कमी असतात तेव्हा करतात. एकदा केली की पुढच्या वेळी स्वतःहून विचारतात, कारण निरोप आणि फोटोची अट त्यांच्याही फायद्याची आहे. शेवटच्या वाक्यावर सर्वात जास्त वाद होतो. ते वाक्य मी कधीही खोडू देत नाही, भाडं गेलं तरी चालेल.

फळगाळा_वाशी

माल घेणारा म्हणून सांगतो, ही अट मला मान्य आहे. फक्त २४ तासांची सुरुवात कधीपासून, हे लिहा. निरोप पोहोचल्यापासून धरलं तर भांडण राहणार नाही.

पिंपळगावची_गाडी

चांगली सुधारणा आहे, धरतो. पण जिथे नेटवर्क नाही तिथे निरोप उशिरा पोहोचणार, त्याचं काय?

भिवंडी_करसल्ला

फास्टॅग आणि जीपीएसवर गाडीची शेवटची जागा आणि वेळ दिसते. ‘निरोप किंवा जीपीएसवर गाडी थांबल्याची वेळ, जी आधीची असेल ती’ असं लिहा. पुरावा दोघांकडेही राहतो.

घाटकरी

जीपीएसची वायर बॅटरीच्या कटआऊटच्या (मुख्य स्विचच्या) आधी जोडलेली आहे का बघा. बऱ्याच गाड्यांमध्ये ड्रायव्हर रात्री कटआऊट बंद करतो आणि जीपीएस मरतं. मग सकाळी मालकाचे फोन सुरू होतात की गाडी कुठे गेली.

मनीषा_ठाणे

हे आजच बघायला सांगते. सुधारलेला नमुना मालकाला पाठवला आहे. ते म्हणाले हाल्टिंग मान्य, रात्रीच्या वाक्यावर विचार करून सांगतो.

पिंपळगावची_गाडी

ताई, त्यांचं उत्तर येईपर्यंत गाडी हलवू देऊ नका. काही अडलं तर मला कळवा, त्यांच्याशी मी बोलतो.